जागेवर

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, ही म्हण तुकडेमावशीला जितक्यांनी ऐकवली तितकी दुसऱ्या कुणाला ऐकवली नसेल. नवं गिऱ्हाईक फोन करायचं, कुत्र्याचे प्रताप सांगायचं आणि शेवटी हसत ही म्हण टाकायचंच. मावशी म्हणायची, शेपूट वाकडं आहे तोवर बरं असतं हो, ताठ झालं की घाबरायचं. लोकांना तो विनोद वाटायचा. मावशी खरंच सांगत असायची. ताठ झालेलं, न हलणारं शेपूट ही दात लागण्याआधीची शेवटची पाटी असते, आणि बहुतेकांना ती वाचता येत नाही.

तिचं नाव गल्लीतल्या पोरांनी पाडलेलं. कमरेला कापडी पिशवी, पिशवीत उकडलेल्या कलेजीचे नखाएवढे तुकडे, आणि मागे ओळखीची-अनोळखी कुत्री. घरोघरी जाऊन ती लोकांची कुत्री शिकवायची. काठी नाही, गळा आवळणारी साखळी नाही, नाकावर फटका नाही. हवं ते केलं की तुकडा, नको ते केलं की काही नाही, एवढाच तिचा मंत्र. मालकांना मात्र ती दमात घ्यायची. गुरगुरलं म्हणून मारू नका, ते बोलतंय, असं प्रत्येक घरात सांगायची. मारून बोलणं बंद कराल, राग बंद होणार नाही. मग एक दिवस न बोलता चावेल आणि तुम्हीच म्हणाल, काही कारण नसताना चावलं.

चष्मेवाल्याचा फोन आला तेव्हा तो माणूस तिला पहिल्या दोन वाक्यांतच आवडला. तो म्हणाला, दोन शिकवणारे येऊन गेले, दोघांनीही काठी काढली, मी दोघांनाही हात जोडले. मला कुत्र्याला मारायचं नाही, समजून घ्यायचंय. असा मालक म्हणजे उंबराचं फूल. मावशीने दुसऱ्या दिवशीचीच वेळ दिली.

खाली चष्म्यांचं दुकान, वर घर. काचेच्या कपाटांत चष्म्यांच्या रिकाम्या चौकटी मांडलेल्या, भिंतीवर लहान-लहान होत जाणारी अक्षरं, मागे भिंगं घासायच्या यंत्राची बारीक घरघर. मावशी आत आली तसं त्याने आधी तिच्या नाकावरचा चष्मा मागून घेतला, दांडीचा सैल स्क्रू पिळला, फडक्याने काचा पुसल्या आणि परत तिच्या हातात दिला. मग दुकानाच्या आतूनच वर जाणाऱ्या अरुंद जिन्याने तो तिला घरात घेऊन गेला. पुढे बैठकीची खोली, तिला लागून स्वयंपाकघर, मागे कपड्यांना इस्त्री करायची लहान खोली. कुठे कागदाचा कपटा इकडचा तिकडे नाही.

कुत्र्याचं नाव तपकीर. रंगही तसाच होता, पण नाव रंगावरून नव्हतं. चष्मेवाल्याच्या बायकोला, वहिनींना, ते रस्त्याकडेच्या खोक्यात सापडलं तेव्हा सर्दीने बेजार होतं आणि सारखं शिंकायचं, जणू कुणी चिमूटभर तपकीर ओढायला दिली आहे. आता ते चांगलं थोराड झालं होतं. मावशी आत आली तेव्हा त्याने तिचे जोडे हुंगले, पिशवी हुंगली आणि मग ते तिच्या पायावर अंग टेकून उभं राहिलं. मावशी मनात म्हणाली, हे चावणारं कुत्रं?

चष्मेवाल्याने बाही वर करून दाखवली. मनगटाच्या वर दातांचे व्रण होते, बरे झालेले पण खोल. मी हात वर केला की अंगावर येतो, ताई, तो म्हणाला. फळीवरून डबा काढायला गेलो तरी. आवाज चढला तरी. लहानपणी रस्त्यावर कुणीतरी बडवलं असणार बिचाऱ्याला. मावशीने वहिनींना विचारलं, हे कधीपासून सुरू झालं? वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. उत्तर त्याने दिलं.

मावशीने त्याला हात वर करायला सांगितलं. तपकीरने कान हलवला, बस. मग मावशीने स्वतःच्याच दिशेने हात उगारायला सांगितला. तपकीरने जांभई दिली. कुत्र्याची असली जांभई झोपेची नसते, धास्तीची असते, पण त्यापलीकडे त्याने काही केलं नाही. तेवढ्यात वहिनी चहाचे कप घेऊन आल्या आणि चष्मेवाला म्हणाला, असा, हा बघा असा वर केला की.

तपकीर उडी मारून दोघांच्या मध्ये आला. मानेपासून शेपटापर्यंतचे केस उभे, शेपूट ताठ, ओठ वर गेलेला. वहिनींच्या हातात कप खडखडले. चष्मेवाल्याने हात खाली घेतला आणि हसून म्हणाला, पाहिलंत?

मावशीने पाहिलं आणि अनुभवाने निदान केलं: मालकिणीवर हक्क सांगतोय. काही कुत्री हाडावर सांगतात, काही सोफ्यावर, काही माणसावर. एक गोष्ट मात्र त्यात बसत नव्हती. हक्क सांगणारं कुत्रं आपल्या मालाला चिकटून असतं, डोळ्याच्या कोपऱ्यातून सारखं त्याच्याकडे बघतं. तपकीरने वहिनींकडे पूर्ण पाठ केली होती. मावशीच्या ते ध्यानात आलं होतं. पण बाकी सगळं बसत होतं आणि समोरचा माणूस इतका भला होता, म्हणून ती स्वतःला म्हणाली, पाची बोटं सारखी नसतात, कुत्रीही नसतात.

शिकवणी सुरू झाली. वहिनींनी सोफ्याजवळ उभं राहायचं, एवढंच त्यांचं काम. चष्मेवाल्याने खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून हात कमरेपर्यंत उचलायचा आणि मावशीने लगेच तपकीरला तुकडा द्यायचा. तपकीर बिचकला तर हात खाली, पुन्हा पहिल्यापासून. हात छातीपर्यंत आला, मग खांद्यापर्यंत. दर आठवड्याला एक पाऊल जवळ. घाई नाही, जबरदस्ती नाही. उगारलेला हात म्हणजे कलेजी, हे गणित कुत्र्याच्या डोक्यात हळूहळू बसवायचं होतं.

असा विद्यार्थी मावशीला जन्मात मिळाला नव्हता. कुत्रा नव्हे, मालक. तो सांगितलेलं सगळं करायचा, वेळेवर करायचा, शंका विचारायचा. एकदा त्यानेच सुचवलं की तपकीरने तिथेच गप्प बसण्यापेक्षा मागच्या खोलीत स्वतःच्या जागेवर जावं, त्याच्याही जिवाला त्रास कमी. मावशीला ते एकदम पटलं. भीती वाटली की जायला हक्काची जागा आहे, असं कुत्रं नशीबवान. इस्त्रीच्या टेबलाखाली जाड सतरंजी घातली गेली. "जागेवर" म्हटलं की तपकीर तिथे जायचा, तुकडा मिळायचा. पुढे म्हणायचीही गरज उरली नाही. हात वर झाला की तो स्वतःच निघायचा. मग आवाजाची पाळी आली. चष्मेवाला वर्तमानपत्र उघडून हवामानाची बातमी ओरडून वाचायचा, भिंती हादरतील अशी, आणि मावशीला हसू आवरायचं नाही. तोही हसायचा. वहिनी सोफ्याजवळ उभ्या असायच्या.

मध्येच गाडी अडली. एका आठवड्यात तपकीर मूळपदावर आला, पुन्हा मध्ये येऊ लागला. चष्मेवाला वैतागला नाही, फक्त म्हणाला, मी दुकानात असतो, दिवसभर घरात काय चालतं मला कळत नाही. मावशीला सोफ्याच्या फटीत कलेजीचा वाळलेला तुकडा सापडला. ती स्वयंपाकघरात गेली. वहिनी भांडी पुसत होत्या.

"वहिनी, तो मध्ये आला की तुम्ही त्याला तुकडा देता ना?"

वहिनी पुसत राहिल्या.

मावशीने त्यांना प्रेमानेच समजावलं, जसं ती प्रत्येक कच्च्या मालकिणीला समजावायची. तुमची माया कळते मला, ती म्हणाली, पण तुम्ही त्याला उलटं शिकवताय. असंच चाललं तर एक दिवस तो यांना फाडेल, आणि मग जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन सुई देण्यावाचून मार्ग उरणार नाही. तेव्हा कुणी विचारत नाही कुत्रं का चावलं ते.

वहिनींनी फडकं खाली ठेवलं. "म्हणजे त्याला जगवायचं असेल तर हे शिकायलाच हवं."

"शिकायलाच हवं."

"आणि एकदा शिकला की विसरतो का?"

मावशीला आपल्या कामाचा अभिमान होता. ती म्हणाली, "मारून शिकवलेलं विसरतात. प्रेमाने शिकवलेलं हाडात मुरतं."

वहिनींनी मान हलवली. त्यानंतर सोफ्याच्या फटीत तुकडा कधी सापडला नाही. तपकीर भराभर शिकला. शेवटच्या दिवशी चष्मेवाला वहिनींच्या अगदी समोर उभा राहिला, हात डोक्याच्या वर नेला आणि घसा फाटेस्तोवर ओरडला. तपकीर उठला, दोघांना वळसा घालून मागच्या खोलीत गेला आणि सतरंजीवर पडून राहिला. शेपूट पायांत नव्हतं, कान मागे नव्हते. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे चष्मेवाल्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिचं नाव सांगितलं, आणि तिला झेपेनात इतकी कामं आली.

बरेच महिने गेले. एका दुपारी मावशी अंगणात पिशव्या धुऊन वाळत घालत होती, तेव्हा फाटकाशी एक तरुण बाई तपकीरला घेऊन उभी राहिली. चेहरेपट्टी वहिनींची. धाकटी बहीण, हे न सांगता कळलं. तपकीरने मावशीला ओळखलं, पण तो जवळ आला नाही. त्याच्या मागच्या पायांवरचे केस चिकटलेले होते.

धाकटी आत आली नाही. फाटकातूनच म्हणाली, "याला तुम्हीच शिकवलं ना? माझ्या ताईच्या कुत्र्याला?"

ताई दवाखान्यात होती. जबडा दोन ठिकाणी मोडलेला, डावा डोळा गेलेला. नवऱ्याचं म्हणणं, जिन्यात कुत्रं पायात आलं आणि ती गडगडली. खालच्या दुकानातल्या कामगाराने आवाज ऐकले, पण असे आवाज तो वर्षानुवर्षं ऐकत होता, म्हणून वर गेला नाही. दुसऱ्या दिवशी धाकटी कपडे न्यायला घरी गेली तर तपकीर इस्त्रीच्या टेबलाखाली होता. सतरंजीवरच त्याने घाण केली होती, तोंडाची लाळ वाळून पंजे चिकट झाले होते. त्याला ओढून बाहेर काढावं लागलं.

"कोंडलं होतं का त्याला?" मावशीने विचारलं. तिला कोंडलेलंच हवं होतं.

"नाही," धाकटी म्हणाली. "दार सताड उघडं होतं."

मावशी तिथेच पायरीवर बसली. पिशव्यांचं पाणी पायावर ठिबकत होतं. धाकटी पुढे बोलत होती. चष्मेवाला आता कुत्र्याला सुई द्यायला निघाला होता, बायकोला पाडणारं कुत्रं घरात नको म्हणून. जनावरांच्या डॉक्टरला ते पटेना, त्यानेच गुपचूप मावशीचा पत्ता दिला होता. मावशीने दोरी हातात घेतली.

दवाखान्यात मावशी दोन दिवसांनी गेली. लवकर जायचं धाडस झालं नाही. वहिनींचे दात तारेने बांधलेले होते, डोळ्यावर पट्टी होती. मावशी खाटेच्या बाजूला उभी राहिली आणि माफी मागायला तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टर आले. तरुण होते, हळुवार होते. पट्टी बघायला त्यांनी हात वर नेला.

वहिनींची मान एका बाजूला वळली. जिभेचं टोक ओठांवरून भर्रकन फिरलं. खांदे कानांपर्यंत चढले आणि उरलेला डोळा कोपऱ्यात गेला, पांढरं दिसेपर्यंत. सगळं मिळून पापणी लवायच्या आत.

हे मावशीने पाहिलेलं होतं. त्या बैठकीच्या खोलीत, दर आठवड्याला, सोफ्याच्या बाजूला. नजर तपकीरवर खिळलेली असताना कडेला दिसत होतं ते, आणि ती ते बघत नव्हती. कुत्र्याच्या अंगावरची प्रत्येक खूण तिला पाठ होती. त्याच खुणा बाईच्या अंगावर होत्या, म्हणून तिने वाचल्या नाहीत. तपकीर नवऱ्याच्या हाताला भ्यालाच नव्हता. तो त्या बाईची भीती वाचून मध्ये उभा राहायचा. आणि ते वाचणं मावशीने त्याला तुकडे घालून घालून विसरायला लावलं होतं.

डॉक्टर गेल्यावर वहिनींनी बांधल्या दातांतून, अडखळत विचारलं, "तो कुठे आहे?"

"माझ्याकडे. खातोय थोडं थोडं."

"बरं."

"वहिनी, मी..."

"मला माहीत होतं," वहिनी म्हणाल्या. प्रत्येक शब्दाला त्यांना वेळ लागत होता. "तुम्ही काय शिकवताय ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही त्यांना विचारलं असतं. त्यांनी हसून काहीतरी सांगितलं असतं. तुम्ही त्यांचंच खरं धरलं असतंत."



माफ केलं की नाही ते वहिनींनी बोलून दाखवलं नाही, आणि मावशीने पुन्हा विषय काढला नाही. वहिनींना दुसरंच हवं होतं. खटला उभा राहणार होता, चष्मेवाला कुत्र्यावर सगळं ढकलणार होता, आणि ते कुत्रं हात वर झाला की पायांत येत नाही, उलट खोली सोडून जातं, हे सांगू शकणारी एकच व्यक्ती होती. मावशी येईन म्हणाली.

तिच्या हितचिंतकांनी तिला परोपरीने अडवलं. आपल्याच पायावर धोंडा का पाडून घेतेस, म्हणाले. तुझ्या तोंडून हे बाहेर पडलं की तुला घरात कोण घेईल? ते खरं होतं. पण मावशीच्या घरात आता तपकीर होता. तिने भिंतीवरचं घड्याळ काढायला हात वर केला तरी तो उठून न्हाणीघरात जाऊन पडायचा आणि तुकड्याची वाट बघायचा. तिने तुकडा दिला नाही तर त्याचं अंग थरथरायचं. दिला तर तिचंच अंग थरथरायचं.

साक्षीच्या दिवशी चष्मेवाला स्वच्छ इस्त्रीच्या शर्टात बसला होता. मावशी आत आली तेव्हा त्याने ओळखीने मान लववली. तिने सगळं सांगितलं: काय मागितलं गेलं, काय शिकवलं, सतरंजी कुठे होती, मागच्या खोलीची कल्पना कुणाची. त्याच्या वकिलाने तिला तासभर पिळलं. म्हणजे तुम्ही कुत्र्याची साक्ष घेऊन आला आहात, त्याने विचारलं, आणि लोक हसले. मग त्याने आवाज उतरवला. "तुम्ही इतक्या जाणकार. आठवड्यामागून आठवडे त्या घरात गेलात. तुम्हाला तेव्हा कधी काही गैर दिसलं?"

"नाही," मावशी म्हणाली. "मी कुत्र्याकडे बघत होते."

"मग आताच कसं दिसलं?"

तिने दवाखान्यातलं सांगितलं. मान, जीभ, खांदे. सांगताना तिला स्वतःलाच ते पोकळ वाटलं. समोर बसलेल्या वहिनी मान खाली घालून ऐकत होत्या. एखाद्या जनावराबद्दल बोलावं तसं आपण या बाईबद्दल भर लोकांत बोलतोय, हे मावशीच्या मध्येच लक्षात आलं, पण थांबता येणार नव्हतं.

चष्मेवाला दोषी ठरला. शिक्षा झाली ती लोकांना वाटली त्यापेक्षा थोडी, आणि वरच्या न्यायालयात अपील जाताच तो जामिनावर बाहेर आला. दुकान पुन्हा उघडलं. सुरुवातीला गिऱ्हाइकं कचरली, मग येऊ लागली. चष्मे तो चांगलेच बनवायचा. मावशीचं काम मात्र निम्म्याने तुटलं. काहींना वाटलं तिने घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली, काहींना वाटलं गुन्ह्यात तिचाही हात होता. तिचा हात होता म्हणणाऱ्यांशी ती वाद घालायची नाही.

वहिनी धाकटीकडे राहायला गेल्या. तिच्या घरमालकाला कुत्रं चालत नव्हतं, म्हणून तपकीर मावशीकडेच राहिला. वहिनी त्याला भेटायला पहिल्यांदा आल्या तेव्हा तो त्यांच्याजवळ गेलाच नाही. अंगणाच्या टोकाला बसला आणि भिंतीकडे बघत राहिला. वहिनींनी हाक मारली, पुन्हा मारली. मावशीने हळूच सांगितलं की बोलावू नका, नुसत्या बसा, येईल तेव्हा येईल. वहिनी संध्याकाळपर्यंत पायरीवर बसल्या. तो आला नाही. त्याला त्या बाईची लाज वाटते की भीती, की तिच्या अंगाच्या वासाने ती खोली आठवते, हे मावशीला सांगता येईना. पूर्वी तिने छातीठोकपणे सांगितलं असतं.

त्यानंतरही वहिनी येत राहिल्या. एकदा मावशीने विचारलं, हात वर झाला की पळणं त्याच्याकडून सोडवून घेऊ का? सावकाश, थोडं थोडं करून जमेल बहुतेक.

वहिनींचा जबडा नीट जुळला नव्हता, बोलताना तोंड एका बाजूला ओढायचं.

"नका," त्या म्हणाल्या. "आता त्याला कुणीच काही शिकवू नका."

मावशीने शिकवलं नाही. अपिलाची तारीख आली त्या सकाळी धाकटी वहिनींचा निरोप घेऊन आली. मावशीने तपकीरसाठी पाणी भरून ठेवलं, चपला घातल्या आणि न्यायालयात जाण्यासाठी त्या दोघी मिळून वहिनींना घ्यायला निघाल्या.